रस्ता उघडा होता, नाक उशिरा उचलले : औरंगाबाद, 26 एप्रिल 1993

गिरणाकाठ (चाळीसगाव)

जळगावच्या विमानसेवेवरील धाग्यात एका सदस्यांनी जाता जाता लिहिले, की औरंगाबादला एकदा विमान कापसाच्या ट्रकवर आदळले होते, त्या ट्रकवाल्याला नेमकी तीच वेळ बरी सापडली. त्या वाक्याखाली बरेच हसरे चेहरे उमटले. तो धागा तिकिटांचा आणि वेळापत्रकाचा असल्यामुळे तिथे वाद वाढवला नाही. पण ज्या अपघातात 55 माणसे गेली, त्याची आपल्याकडची आठवण एवढ्या एका ओळीपुरती उरली असेल तर ती ओळ तपासून पाहायला हवी, म्हणून हा वेगळा धागा काढतो आहे.

मी तेव्हा चाळीसगावला नववीत होतो. सोमवार होता. आजोबा अंगणात बाजेवर रेडिओ कानाशी धरून बसले होते, ते उठून आत आले आणि "टरकले इमान धडकनं म्हने" एवढेच बोलले. घरात कोणाचाच विश्वास बसला नाही, कारण ट्रक रस्त्याने जातो आणि विमान आभाळातून. आदल्याच पहाटे अमृतसरला इंडियन एअरलाइन्सच्या अपहृत विमानाची कमांडोंनी सुटका केली होती, त्यामुळे आजोबांनी दोन बातम्यांची सरमिसळ केली असणार असे आम्ही ठरवून टाकले. कन्नडचा घाट उतरून आलेल्या एका एसटीच्या वाहकाने रात्री स्टँडवर तीच गोष्ट सांगितली, तेव्हा ती खरी ठरली.

घडले ते असे. उड्डाण क्रमांक आयसी 491, विमान बोइंग 737-200. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करीत ते औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) चिकलठाणा विमानतळावर आले आणि तिथून मुंबईला निघाले होते. 112 प्रवासी आणि 6 कर्मचारी मिळून 118 जण विमानात होते. दुपारी एक वाजून गेल्यावर विमानाने पूर्वेकडे तोंड करून धाव घेतली आणि जवळजवळ पट्टीच्या टोकाशी जाऊन ते जमिनीवरून सुटले. पट्टीच्या टोकापलीकडे सुमारे 410 फुटांवर बीडकडे जाणारा रस्ता होता आणि त्या रस्त्यावरून उत्तरेकडून दक्षिणेकडे प्रेस केलेल्या कापसाच्या गठाणींनी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचे डावे मुख्य चाक, डाव्या इंजिनाचे खालचे आवरण आणि थ्रस्ट रिव्हर्सर (उतरल्यावर इंजिनाचा जोर उलटा वळवून वेग कमी करणारा भाग) त्या ट्रकला लागले. रस्त्याच्या पातळीपासून ती उंची जेमतेम सात फूट होती. त्यानंतरही विमान उडत राहिले, पण सुमारे तीन किलोमीटर ईशान्येला उच्चदाबाच्या वीजतारांना धडकून कोसळले. 55 जण मृत्युमुखी पडले आणि 63 जण वाचले.

चौकशीत अपघाताची संभाव्य कारणे दोन नोंदवली गेली. पहिले, वैमानिकांनी विमानाचे नाक उचलण्यास, म्हणजे रोटेशन सुरू करण्यास, केलेला उशीर आणि ते करण्याची चुकीची पद्धत. दुसरे, विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरील वाहतूक रोखण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाला आलेले अपयश. या दोन्ही वाक्यांत ट्रकचालकाला कुठेही दोष दिलेला नाही. आपल्या गप्पांत मात्र उरला तो फक्त ट्रक.

आता पहिल्या कारणाबद्दल थोडे सविस्तर. विमान पुरेसा वेग आला की आपोआप वर जाते असा अनेकांचा समज असतो. प्रवासी जेटच्या बाबतीत तसे होत नाही. धावताना विमान जवळजवळ आडवे असते आणि आडव्या पंखाला त्या वेगात विमानाचे पूर्ण वजन पेलेल एवढी उचल मिळत नाही. ठरलेला वेग आला की सहवैमानिक "रोटेट" असे म्हणतो, विमान हाकणारा वैमानिक कंट्रोल कॉलम, म्हणजे नाक वर-खाली करणारा दांडा, मागे ओढतो, नाक सेकंदाला साधारण दोन ते तीन अंश या गतीने वर येते आणि पंख वाऱ्याला तिरपा झाल्यावरच चाके सुटतात. नाक भसकन उचलले तर शेपूट पट्टीला घासते आणि हवेचा विरोध एकदम वाढतो. रेंगाळत उचलले तर विमान उडण्याच्या वेगात असूनही जमिनीवरूनच पळत राहते.

हे पळणे किती महाग पडते त्याचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब देतो. या जातीच्या विमानासाठी रोटेशनचा वेग उदाहरणादाखल 130 नॉट धरला, तर ताशी 240 किलोमीटर होतात आणि सेकंदाला 67 मीटर, म्हणजे सुमारे 220 फूट. "एक, दोन" म्हणेपर्यंत विमान पट्टीचे टोक सोडून बीड रस्त्यावर पोहोचलेले असते.

या दोन कारणांचे नाते कसे लावायचे, हा माझा प्रश्न आहे. मूळ कारण एक आणि दुसरे केवळ निमित्त, असे म्हणता येईल का?


तापीमाई (भुसावळ)

आपण दिलेली माहिती वाचून एक साधा प्रश्न पडला. पट्टी संपत आली आहे आणि विमान अजून उठलेले नाही हे समोर दिसत असताना ब्रेक का लावला नाही?


आकाशी (धुळे)

ताई, हा प्रश्न प्रत्येक नवशिक्याच्या मनात येतो, माझ्याही आला होता. मी गोंदूरच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकले, म्हणून थोडे सांगते.

मोठ्या विमानाच्या उड्डाणाआधी वैमानिक त्या दिवसाचे वजन, तापमान, वारा आणि पट्टीची लांबी पाहून तीन वेग काढून ठेवतात. पहिला व्ही-वन. या वेगापर्यंत काही बिघडले तर थांबता येते, कारण उरलेल्या पट्टीत विमान थांबेल याची खात्री असते. व्ही-वन ओलांडल्यावर थांबण्याचा प्रयत्न केला तर विमान पट्टीबाहेर जाणार हे जवळपास ठरलेले असते, म्हणून तिथून पुढे उडणे हा एकच मार्ग उरतो. दुसरा व्ही-आर, म्हणजे नाक उचलण्याचा वेग. तिसरा व्ही-टू, एक इंजिन बंद पडले तरी सुरक्षितपणे वर चढता येईल असा वेग. पट्टीचे टोक अंगावर येते तेव्हा व्ही-वन केव्हाच मागे पडलेला असतो. तिथे ब्रेक लावणारा वैमानिक त्या रस्त्यावर हवेतून जाण्याऐवजी जमिनीवरून गेला असता, एवढाच फरक पडला असता.

रोटेशनबद्दल स्वतःचा एक अनुभव सांगते. आमची विमाने छोटी, दोन किंवा चार आसनांची, त्यांची बोइंगशी तुलना नाही. तरीही पहिल्या काही उड्डाणांत प्रशिक्षकांनी "उचला" म्हटल्यावर माझा हात कॉलमवर घट्ट व्हायचा आणि मी थोडे ओढून थांबायचे, पुन्हा थोडे ओढायचे. मला वाटायचे की मी जपून उचलते आहे. प्रशिक्षकांनी एकदा उड्डाणानंतर मला पट्टीच्या कडेने पायी चालत नेले. त्यांच्या शब्दावर मी होते ती जागा आणि चाके खरोखर सुटली ती जागा, या दोन्हींच्या मध्ये त्यांनी मला पावले मोजायला लावली. त्या मोजणीनंतर मी कधी थांबून थांबून ओढले नाही.


शहाद्याचा मास्तर

गिरणाकाठ यांचा हिशोब चांगला आहे, पण त्यात एक त्रुटी आहे आणि ती या अपघाताच्या संदर्भात बरीच बोलकी आहे.

विमानातला वेगदर्शक जमिनीवरचा वेग मोजत नाही. तो नळीत शिरणाऱ्या हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून वेग दाखवतो. हवा विरळ असेल तर तेवढाच दाब मिळवायला विमानाला प्रत्यक्षात अधिक वेगाने पळावे लागते. चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून 1,900 फुटांहून थोडा अधिक उंचीवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा 40 अंशांवर धरला, तर तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीवरच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे 14 टक्क्यांनी कमी भरते. त्या दुपारी ती हवा साधारण पाच हजार फूट उंचीच्या एखाद्या थंड डोंगरमाथ्यावरील हवेसारखी वागत असणार. अशा हवेत काटा 130 नॉट दाखवत असताना विमान जमिनीवर सुमारे 140 नॉटने पळत असते. म्हणजे सेकंदाला 72 मीटर, 236 फूट. या वेगाने 410 फूट अंतर पावणेदोन सेकंदांत संपते.

विरळ हवा तीन ठिकाणी पैसे कापते. विमानाला अधिक वेग लागतो, जेट इंजिनाचा जोर कमी होतो आणि त्यामुळे तो अधिक वेग गाठायला वेळही अधिक लागतो. यावर उपाय म्हणून वैमानिकांना तक्ते दिलेले असतात आणि उन्हाळ्यात अनुज्ञेय वजन कमी होते. आपल्याकडे मे महिन्यात एसटीचा चालक घाट चढण्याआधी रेडिएटरचे पाणी पाहतो, तसेच हे. हिशोब नीट केला असेल तर उष्णता हे अपघाताचे कारण ठरत नाही, मात्र चुकीला माफ करण्याची तिची तयारी नसते.

आता एक गणित, जे मी अकरावीच्या मुलांनाही घालतो. विमान ज्या ठिकाणी उठले त्याच्या एक सेकंद आधी उठले असते, तर चढाईला 236 फूट अधिक मिळाले असते. दर शंभर फुटांमागे आठ फूट चढ असा मध्यम आकडा धरला तर रस्त्यावर येईपर्यंत चाक सुमारे 19 फूट अधिक उंच असते. सात आणि एकोणीस, सव्वीस फूट. गठाणी भरलेला ट्रक जमिनीपासून किती उंच असतो हे कोणी सांगू शकेल का?


जिनातला माणूस (चोपडा)

मास्तर, ते मी सांगतो. आमच्या घरी दोन पिढ्या जिनिंग-प्रेसिंग आहे.

सरकीपासून वेगळी केलेली रुई प्रेसमध्ये दाबून जी गठाण निघते तिचे वजन साधारण 170 किलो असते. त्या काळच्या दोन धुऱ्यांच्या ट्रकमध्ये नऊ टनांचा माल म्हणजे पन्नासेक गठाणी यायच्या. हौदाचा तळ जमिनीपासून चार फुटांवर, त्यावर गठाणींचे थर, वर ताडपत्री आणि आडवेतिडवे दोर. एकूण उंची बारा-तेरा फुटांच्या घरात जाते. म्हणजे सात फुटांवर आलेले चाक मालाच्या वरून निघून जाण्याचा प्रश्नच नव्हता, ते थरांच्या मधोमध शिरणार. सव्वीस फुटांवर असते तर ताडपत्री फडफडली असती आणि चालकाने शिवी हासडून गाडी पुढे काढली असती.

अजून एक गोष्ट, कारण "कापसाला धडकले" म्हटले की लोकांना गादीला धडकल्यासारखे वाटते. वेचणीचा कापूस बैलगाडीत भरताना माणूस त्यात कमरेपर्यंत रुततो, ते खरे. गठाण ही वेगळी वस्तू आहे. प्रेसखालून बाहेर पडताना तिच्यावर लोखंडी पट्ट्या आवळलेल्या असतात आणि पट्टी तुटली तर ती चाबकासारखी उडते, म्हणून हमाल समोर उभे राहत नाहीत. लहानपणी मी गठाणीवर मूठ मारून पाहिली होती, हाताची कातडी सोलली. अशा पन्नास गठाणींचा ढीग म्हणजे भिंतच, आणि तिला ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने चाक आणि इंजिन लागले.

एप्रिलअखेर म्हणजे आमच्या हंगामाची शेपूट असते, मागे राहिलेला माल पावसाआधी हलवण्याची घाई असते. त्या चालकाला रस्ता मोकळा दिसला आणि तो निघाला. त्याच्यापुढे फाटक पडले असते तर तो थांबला असता, आणि बिडी पेटवून विमान पाहत बसला असता.


फाटकवाला (भुसावळ)

जिनातल्या भाऊंनी फाटकाचा विषय काढला, तेव्हा बोलणे भाग आहे. माझी सगळी नोकरी रेल्वेत गेली.

आमच्याकडे इंटरलॉक असलेल्या फाटकाला एक नियम असतो, तो यंत्रातच बसवलेला असतो, कोणाच्या आठवणीवर सोडलेला नसतो. फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीचा सिगनल हिरवा होतच नाही, आणि सिगनल हिरवा असेतो फाटक उघडत नाही. जिथे इंटरलॉक नाही तिथे स्टेशन मास्तर गेटमनला फोन करतो, गेटमन फाटक बंद करून त्याला प्रायव्हेट नंबर देतो, दोघेही तो आपापल्या वहीत लिहितात आणि मगच गाडी सुटते. नंबर कशासाठी, तर "हो हो, केले बंद" असे नुसते तोंडी सांगून चालू नये म्हणून. रात्री दोन वाजता झोपेत माणूस हो म्हणू शकतो, पण वहीतला पुढचा नंबर वाचून दाखवायला त्याला उठून दिवा लावावा लागतो.

आता विमानतळ पाहा. पट्टीच्या टोकापासून 410 फुटांवर सार्वजनिक रस्ता. विमानांच्या वेळा ठरलेल्या. आणि रस्त्यावरची वाहतूक त्या वेळेत रोखली गेली नाही. चौकशीतील दुसरे कारण मला पहिल्याइतकेच जड वाटते, किंबहुना अधिक जड. वैमानिकाची चूक काही सेकंदांची होती. रस्ता उघडा राहणे ही रोजची गोष्ट होती, आणि रोज विमान उंचावरून गेल्यामुळे ती कोणाला टोचत नव्हती. ट्रक त्या जागी नसता तर सात फुटांवरून गेलेले चाक कोणाच्या गावीही नसते आणि 118 जण मुंबईला उतरले असते.

जगात रस्ता आणि धावपट्टी एकमेकांना भिडतात अशी ठिकाणे आहेत. जिब्राल्टरला तर गावचा मुख्य रस्ता धावपट्टीला चक्क छेदून जातो. तिथे वर्षानुवर्षे विमानाच्या वेळी आमच्यासारखेच फाटक पडत आले आणि लोक सायकली धरून उभे राहत आले. 2023 मध्ये पट्टीखालून बोगदा सुरू झाल्यावर गाड्या तिकडून जाऊ लागल्या. म्हणजे जागा अडचणीची असली तरी काम करता येते.


गिरणाकाठ (चाळीसगाव)

मास्तरांचे आभार. हवेच्या घनतेचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता.

फाटकवाला दादा, आपले म्हणणे मला बऱ्याच अंशी पटते, पण "अधिक जड" येथे थोडे अडखळतो. विमान उड्डाणाचे नियम असे बांधलेले असतात, की व्ही-वनला एक इंजिन निकामी झाले तरी उपलब्ध अंतराच्या शेवटी विमान 35 फूट उंचीवर पोहोचलेले असावे, आणि सर्व इंजिने चालू असताना 35 फुटांपर्यंत जाण्यास जितके अंतर लागते त्यावर आणखी 15 टक्के राखून ठेवलेले असावे. इथे दोन्ही इंजिने चालू असलेले विमान पट्टी सोडून 410 फूट पुढे गेल्यावर रस्त्यापासून सात फुटांवर होते. ही सगळी राखीव जागा रस्त्यावर पोहोचण्याआधीच खर्ची पडली होती. ट्रक नसता तर अपघात झाला नसता हे खरे, पण ते उड्डाण तरीही चांगले म्हणता आले नसते. पुढे कधीतरी दुसऱ्या विमानतळावर, दुसऱ्या अडथळ्यापाशी त्या पद्धतीने हिशोब मागितलाच असता.

आजच्या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे पट्टीच्या टोकापलीकडे 60 मीटरची मोकळी पट्टी आणि तिच्यापुढे किमान 90 मीटरचे सुरक्षा क्षेत्र लागते, म्हणजे 150 मीटर. 410 फुटांचे 125 मीटर होतात. बीड रस्ता त्या क्षेत्राच्या आत येतो.


सातपुडा (यावल)

या धाग्यात वैमानिकांच्या चुकीवर बराच भर दिसतो. मला अशा निष्कर्षांकडे पाहताना थोडी सावधगिरी बाळगावीशी वाटते, कारण उड्डाणावेळच्या अपघातांचा इतिहास पाहिला तर पहिला दोष नेहमी हातात कॉलम असलेल्या माणसावर येतो आणि काही वेळा वर्षांनंतर तो उतरवावा लागतो.

पहिले प्रवासी जेट असलेल्या कॉमेटचे उदाहरण घ्या, कारण तेही रोटेशनचेच आहे. 26 ऑक्टोबर 1952 रोजी रोमच्या चाम्पिनो विमानतळावर एक कॉमेट उडू शकले नाही आणि पट्टीबाहेर गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही. वैमानिकाने नाक प्रमाणाबाहेर उचलले, असा ठपका ठेवला गेला. पुढच्याच वर्षी, 3 मार्च 1953 रोजी, कॅनेडियन पॅसिफिकचे नवे कोरे कॉमेट कराचीत उड्डाण करताना तसेच कोसळले आणि त्यातील सर्व 11 जण गेले. तिथेही तोच शब्द. पण त्यानंतर कंपनीने पंखाच्या पुढच्या कडेचा आकार बदलला, कारण नाक अधिक उचलल्यावर त्या पंखाची उचल ढासळत होती आणि पंखाच्या त्या स्वभावाची वैमानिकाला हाताला कसलीच सूचना मिळत नव्हती. चूक हाताची होती, पण हाताला फसवणारा पंख होता.

म्युनिकचे उदाहरण तर फुटबॉलप्रेमींना माहीत आहे, त्या विमानात मँचेस्टर युनायटेडचा संघ होता. 6 फेब्रुवारी 1958, तिसऱ्या प्रयत्नात विमान 117 नॉटपर्यंत पोहोचले आणि मग वेग वाढण्याऐवजी 105 पर्यंत उतरला. विमान कुंपण तोडून एका घरावर गेले, 23 जण मरण पावले. पंखांवरचा बर्फ साफ केला नाही म्हणून कॅप्टन जेम्स थेन यांना दोषी ठरवले गेले. खरे कारण पट्टीवर साचलेला बर्फाचा रेंदा होता, तो चाकांना धरून ठेवत होता. थेन यांच्यावरचा डाग पुसायला 1969 उजाडले. पट्टी साफ ठेवणे ज्यांचे काम होते त्यांचा दोष अकरा वर्षे वैमानिकाच्या खांद्यावर राहिला.


आकाशी (धुळे)

सातपुडा दादा, उदाहरणे उत्तम आहेत, पण कॉमेटची गोष्ट औरंगाबादला जशीच्या तशी लागू करता येणार नाही. कॉमेट नवी जात होती, तिच्या पंखाचा स्वभाव कोणालाच पुरता माहीत नव्हता. 737-200 हे विमान 1993 पर्यंत पंचवीस वर्षे जगभर उडत होते आणि त्याचे रोटेशन कसे करायचे हे पुस्तकात स्वच्छ लिहिलेले होते. कॉमेटच्या वैमानिकांचे नाक जास्त उचलले गेले, इथे ते उशिरा उचलले गेले. दोन्ही दिशा चुकीच्या, पण एकीकडे विमान हाताला फसवू शकते, दुसरीकडे तसे काही दिसत नाही.

म्युनिकची तुलना मात्र मला पटते, ती वैमानिकांमुळे नव्हे, पट्टीची जबाबदारी कोणाची या प्रश्नामुळे. औरंगाबादच्या चौकशीत ती जबाबदारी निदान त्याच अहवालात, दुसऱ्या ओळीत का होईना, लिहिली गेली. त्यासाठी अकरा वर्षे थांबावे लागले नाही.


भटक्या (नंदुरबार)

अहमदाबादच्या 2025 मधील अपघाताबद्दलही इथे बोलूया का?


गिरणाकाठ (चाळीसगाव)

भटक्या भाऊ, तो विषय मोठा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढावा. इथे दोन अपघातांची सरमिसळ झाली तर आजोबांच्या बातमीसारखे होईल.


शहाद्याचा मास्तर

दोन कारणांच्या नात्याचा मूळ प्रश्न अजून सुटलेला नाही, म्हणून माझे मत देतो.

समजा, शेताच्या बांधावर दोन कुंपणे आहेत. ढोरे पिकात शिरली, म्हणजे दोन्ही कुंपणे त्या वेळी पडलेली होती. "कोणत्या कुंपणामुळे शिरली" हा प्रश्न भांडणाला चांगला, पण त्याला उत्तर नाही. रोटेशन वेळेवर झाले असते तर उघडा रस्ता निरुपद्रवी ठरला असता. रस्ता बंद असता तर उशिराचे रोटेशन कोणाला कळलेही नसते. दोन्हींपैकी एक जरी उभे असते तर 55 जण वाचले असते, म्हणून दोन्ही मूळ कारणे आहेत.

फरक एवढाच आहे की एक कुंपण माणसाच्या हातात होते आणि दुसरे व्यवस्थेच्या. हातातले कुंपण कधीतरी पडणार हे गृहीत धरूनच दुसरे घातलेले असते. फाटकवाला दादांच्या प्रायव्हेट नंबरमागे हीच समज आहे. त्यामुळे फाटकाचे वजन त्यांना अधिक वाटते ते मला समजू शकते, जरी मी दोन्ही पारडी सारखीच धरीन.


फाटकवाला (भुसावळ)

मास्तर, मान्य. "अधिक जड" हे शब्द मागे घेतो. पण एक विचारतो. त्या रस्त्यावर विमानाच्या वेळी माणूस उभा करायचा म्हटले, तर त्याला विमान सुटते आहे हे कोण सांगणार होते? आमच्याकडे गेटमन आणि स्टेशन मास्तर एका तारेने बांधलेले असतात. विमानतळाच्या मनोऱ्यातला माणूस वैमानिकाशी बोलतो, पण रस्त्यावरच्या माणसाशी त्याचे नाते काय? रस्ता एका खात्याचा, पट्टी दुसऱ्या खात्याची, वाहतूक तिसऱ्याची. फाटक बांधणे सोपे असते, ती तार ओढणे कठीण असते.


जिनातला माणूस (चोपडा)

दादांनी बरोबर नाडी धरली. गठाणींचा ट्रक जिनाच्या दारातून निघताना आम्ही वजनाची पावती देतो, गेटपास देतो, बाजार समितीचा कागद देतो. रस्त्यात काय आहे ते सांगणारा कागद कोणाकडेच नसतो, तो चालकाला रस्त्यानेच सांगावा लागतो.


तापीमाई (भुसावळ)

ब्रेकचा प्रश्न विचारला तेव्हा मला वाटले होते की उत्तर एका ओळीचे असेल. सर्वांचे आभार. त्या हसऱ्या चेहऱ्यांमध्ये एक माझाही होता, तो मी काढून टाकला आहे.


गिरणाकाठ (चाळीसगाव)

चर्चा इथवर आली त्याबद्दल सर्वांचे आभार. धाग्याचे शीर्षक आधी "ट्रकला धडकलेले विमान" असे होते. व्यवस्थापकांच्या परवानगीने ते बदलले आहे, आणि मास्तरांच्या दोन्ही कुंपणांना त्यात जागा दिली आहे. सेकंदाला 67 मीटरचा माझा आकडा पहिल्या लेखात तसाच ठेवतो आहे, कारण तो दुरुस्त केला तर खालचे 72 कुठून आले हे नवीन वाचकाला कळणार नाही.